साहेबांच्या स्क्रीनवर सगळं हिरवं

ललिता ओव्हाळ वाघोलीतल्या एका आइस्क्रीमच्या गोदामात बावीस वर्षं गाड्या लावायचं काम करतात. कोणती गाडी कोणत्या दारावर, कधीपासून उभी, एवढंच त्यांना बघावं लागतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते दोन क्लिकमध्ये दिसायचं. म्हणजे सुधारणेला वाव होता.

गेल्या वर्षी कंपनीने नवं सॉफ्टवेअर आणलं. ते बसवायला आलेला अनिरुद्ध म्हणाला, "हा डॅशबोर्ड प्रत्येकाचा वेगळा. तुम्ही काय वापरता ते बघून तो आपोआप शिकतो." कुणाला काय लागतं, हे त्याने स्वतः कुणालाच विचारलं नाही.

डॅशबोर्ड शिकला. गाड्यांची यादी सापडेना म्हणून ललिताताई दिवसातून वीसदा 'मदत' दाबायच्या. आठवड्याभरात ते बटण तळहाताएवढं होऊन मधोमध आलं, वर 'तुमची आवड' असं लिहून. यादी सातव्या पानावर गेली.

व्यवस्थापक रणजित जगतापांनी आपला डॅशबोर्ड स्वतः सजवला. उशीर झालेल्या गाड्यांचा लाल चौकोन डोळ्यांना खुपतो म्हणून काढून टाकला. उरलं ते सगळं हिरवं. मग बैठकीत त्यांनी जाहीर केलं, की उशीर बंद झालेत.

मे महिन्यातल्या एका दुपारी कचरू ड्रायव्हर ललिताताईंकडे आला. तो चार नंबरच्या दाराबाहेर साडेतीन तास उभा होता आणि गाडीचं कूलिंग बंद पडलं होतं. ललिताताईंना पत्ताच नव्हता. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. उतरलेल्या चेहऱ्याने त्या जगतापसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, चार नंबरला गाडी अडकलीय."

"माझ्या डॅशबोर्डवर तसं काही नाही."

"डॅशबोर्डवर नाहीच साहेब, उन्हात आहे."

साहेब खाली पोचले तेव्हा गाडीच्या दारातून आंब्याचं आइस्क्रीम ओघळत होतं.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्धला बोलावलं. ललिताताईंनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. आज तुम्ही शिका."

तो दीड तास त्यांचं काम बघत बसला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या स्क्रीनवर तीनच रकाने राहिले: गाडी, दार, किती वेळ उभी. साहेबांचा लाल चौकोनही परत आला, काढता येणार नाही असा.

पुढे अनिरुद्धच्या कंपनीने या स्क्रीनची जाहिरात केली. 'वापरकर्त्यांच्या सखोल अभ्यासातून साकारलेली.' ऑफिसातल्या अस्मिताने ती वाचून दाखवली.

"खुर्ची मी दिली होती," ललिताताई म्हणाल्या, आणि पुढची गाडी दोन नंबरला लावली.