युनानी उस्तादाचा शागीर्द

"आधी मिजाज बोल, तबियत कशी ती, मग दुखना," असं म्हणत चाचा समोरच्याचं मनगट हातात घ्यायचे, त्यावर तीन बोटं टेकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं तर ते ताटकळायचं. मालकाचा चेहरा आंबट व्हायचा. चाचांना त्याचं सोयरसुतक नसे.

मालक अरब, दुकान अत्तराचं, कुवेतमधल्या हवल्लीच्या बाजारात. पन्नासचं दशक सरत आलं होतं. चाचा तिथे अत्तर विकायला होते. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. वडील युनानी हकीम, त्यांच्याच हाताखाली चाचा नाडी शिकले. पण गावात इंजेक्शनवाला डॉक्टर आला, लोक तिकडे वळले आणि चाचा पोटासाठी आगबोटीत बसले. मी त्याच गल्लीत खोली घेऊन राहायचो आणि एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करायचो. मराठी कानावर पडावं म्हणून संध्याकाळी दुकानात जाऊन बसायचो. त्यांच्या औषधांवर म्हणाल तर माझा काडीचा विश्वास नव्हता.

बोलण्यात सारखे एक 'उस्ताद' यायचे. उस्तादांनी सांगितलंय, माणसाआधी त्याच्या गावची हवा बघा, पाणी बघा. मला वाटे, असतील मुंबईचे कोणी म्हातारे हकीम. एकदा आपली चौकशी केली, "चाचा, उस्तादांची तब्येत बरी आहे ना?"

त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "मेलेत. दोन हजार वर्सां होऊन गेली."

मला हसू आवरेना, पण ते गंभीर होते. उस्ताद युनानचे, म्हणजे ग्रीसचे. तिथली विद्या अरबांनी जपली, अरबांकडून ती हिंदुस्थानात आली आणि फिरत फिरत त्यांच्या वडिलांच्या ओटीवर पोचली. चाचा त्या ग्रीक वैद्याबद्दल असं बोलायचे की तो पलीकडच्या वाडीतला कोणी वडीलधारा असावा.

"तुजे डाक्टर पन त्याचेच," ते मला म्हणायचे. "ते थोरल्या पातीचे, आमी धाकट्या."

मी हे थट्टेवारी न्यायचो. मग एक दिवस आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत, भिंतीवरच्या चौकटीकडे माझं लक्ष गेलं. रोज समोर असून कधी वाचली नव्हती. डॉक्टर होताना घ्यायची शपथ होती ती, आणि वर त्याच ग्रीक वैद्याचं नाव. डॉक्टरांना विचारून मी एका शुक्रवारी चाचांना तिथे घेऊन गेलो. धुतलेला सदरा, टोपी, दाढीला तेल. दाराबाहेर त्यांनी चपला काढून ठेवल्या. मी इंग्रजीचं मराठी करत सांगितलं: माझ्या अकलेप्रमाणे रोग्याच्या भल्याचं करीन, त्याला अपाय होईल असं काही करणार नाही.

"परत वाच," चाचा म्हणाले.

मी परत वाचलं. बाहेर येऊन चपला पायात सरकवताना ते म्हणाले, "बापान माज्याकडून ह्याच बोलून घेतला व्हता. आंगनात उभा करून."

त्यांच्याकडे येणारी माणसं तुम्ही पाहायला हवी होतीत. अहमदीच्या तेलवसाहतीत कामावर असलेले ड्रायव्हर, शिंपी, खानसामे. सगळी बायकामुलं मुलखात टाकून आलेली. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधडतं. आमच्या लॅबमध्ये यांच्या रक्तात, लघवीत काही निघत नसे. आम्ही 'नॉर्मल' लिहून मोकळे व्हायचो. चाचा म्हणायचे, काळं पित्त वाढलंय. ग्रीकांच्या हिशेबात उदासी म्हणजे अंगातलं काळं पित्त. मग गुलकंद, बडीशेपेचा काढा, असलं काहीबाही द्यायचे. माणूस हलका होऊन उठायचा. मला आधी ते गुलकंदाचं काम वाटायचं. पुढे ध्यानात आलं, त्या परक्या देशात महिनोन् महिने त्या माणसांना मायेने कोणी हात लावत नव्हतं.

एकदा चहा आला. पेला इतका कढत की मी हातातला पटकन खाली ठेवला. चाचा मात्र मुठीत धरून बसले होते. मी पाहतोय हे कळल्यावर त्यांनी पेला घाईने ठेवला. बोटं लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची लघवी तपासली. परीक्षानळीतलं निळं पाणी विटकरी झालं. मधुमेह, आणि चांगला मुरलेला. बोटांतली जाणीव गेली होती.

"कधीपासून, चाचा?"

"रमजानच्या आधीपासना. नाडी लागत नाय. तोंड बघून बोलतो मी."

दुकानात ते नोकर होते. कोणाचं मनगट हातात आलं की तेवढा वेळ ते हकिमाचे वारस असत. त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं, आणि आता तेही जाणार होतं. मला राहवेना. म्हटलं, "चालू ठेवा ना. गुलकंदानं कोण मरतंय? लोकांना बरं वाटतं."

"उद्या कोनाला आतून ताप आसंल," चाचा म्हणाले. "मी बोलेन उदासी हाय. तो खोलीवर जाऊन मरंल. तूच वाचून दाखवलास ना मना?"

त्यानंतर जो येईल त्याला ते स्वतःच सांगायचे, "माजी बोटां गेली. इस्पितळात जा." लोक गयावया करायचे, "औषध नको चाचा, नुसता हात धरा." चाचा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. "धरला तर तुला वाटंल मना कळतंय," म्हणायचे. हळूहळू माणसं यायची थांबली. चाचा अत्तर विकायचे, बाटल्या पुसायचे. एकदा पुसता पुसता म्हणाले, "बाप गेला तवा येवढा रडलो नाय." मलाही रडू येत होतं.

पुढे पायाची जखम चिघळली. आमच्या डॉक्टरांनी उपचार केले, पण ती भरेना. चाचा मुंबईच्या आगबोटीने घरी गेले आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या गावच्या माणसाकडून कळलं की ते वारले.

दुकानात नवा माणूस आला, मलबारी, कामाला चोख. एका संध्याकाळी मी तिथे असताना अहमदीचा क्रेनवाला आला. चाचांचा जुना रोगी. लांब वाळवंटात कामावर होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. चेहरा उतरलेला. चाचा आत असतील असं समजून स्टुलावर टेकला आणि सवयीने हात पुढे केला.

नव्या माणसाने हसून बाटली उघडली आणि त्याच्या मनगटावर गुलाबाचं अत्तर लावलं.

क्रेनवाल्याने मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी 'नाहीत' अशी मान हलवली. हात मागे घ्यायचं त्याला सुचेना.