ताणलेली दोरी

आमच्या मोंतेरोस्कोत तादेओ गवंड्याइतका कमी बोलणारा माणूस नाही. दोन वर्षांपूर्वी खालच्या गढीवर तोफा चालल्या, तेव्हापासून तर त्यानं तोंडात मिठाची गुळणीच धरली. त्या गढीचा उंच बुरूज त्याच्याच हातचा. शंभर वर्षं हलणार नाही म्हणायचा. अर्ध्या दिवसात कोसळला. वर त्याचा मुलगा वान्नी पहाऱ्याला होता. ढिगारा उपसायलाही तादेओलाच नेलं. परत येऊन बायकोला एवढंच म्हणाला, "सापडला नाही."

म्हणून त्याची बायको ओरसोला वाट बघत राहिली. माझ्या भट्टीवरून रोज तीन पाव न्यायची, घरात खाणारी तोंडं दोन. मला राग यायचा, पण तिला सांगणार कोण?

यंदा आमच्या तटाची पाळी आली. तोफांपुढं टिकावेत म्हणून उंच बुरूज छाटून निम्मे केले, मागं माती ठासली. शहरातून आखणीवाले साहेब आले. तटासमोर शत्रूला आडोसा नको म्हणाले. मापाची एक दोरी. तटापासून ती पोचेल तिथवरची घरं पाडायची. एक टोक तटावर साहेबांच्या हातात, दुसरं खाली तादेओच्या.

दोरी नेमकी त्याच्याच उंबऱ्याशी आली. सैल धरली तर घर वाचत होतं, ताणली तर जात होतं.

"अरे, जरा ढिली सोड की," मी कुजबुजलो. "साहेबाला तिथून काय डोंबल दिसतंय!"

"खालच्या गढीसमोर असंच एक घर ठेवलं होतं," तो म्हणाला. "तोफ त्याच्याच आडून आली."

त्यानं दोरी ताणली आणि उंबऱ्याच्या आत खुंटी ठोकली.

ओरसोला दारातच उभी होती. "ढिली सोडता आली असती?"

"आली असती."

"मेल्या, मग वान्नी आला तर कुठल्या घरी येईल?"

तादेओनं हातोडी खाली ठेवली. "सापडला होता गं. मीच पुरलाय. गढीमागं, अक्रोडाखाली."

ती रडली नाही. आत गेली आणि भांडी बाहेर काढू लागली. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा काही वाटलं नाही. डोकं बधिर झालं होतं. मी तिच्या हातातली परात धरली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मी तीन पाव पुढं केले. तिनं दोन उचलले. तिसरा मी परत फळीवर ठेवला.