पत्र्यावरचा घास

आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या शकुबाईच्या मांजरीचं पोट भरत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. का भरत नाही, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. उत्तर आधीच तयार होतं.

शकुबाईचा नवरा चंपतराव वांगी-मेथी पिकवून आदिलाबादच्या बाजारात विकायचा. शेवटची काही वर्षं त्याला सारखी भूक. पोटभर जेवून उठला की थोड्या वेळानं पुन्हा चुलीशी हजर, आणि अंगावर मात्र मांस धरत नव्हतं. शकुबाई तोंडाची फटकळ. "पोटात हीर खंदली का काय तुमी?" म्हणायची आणि भाकरीचं टोपलं उचलून फळीवर ठेवायची. मग एकदा पायाला खुरपं लागलं, जखम चिघळली, पाय काळा पडला आणि माणूस गेला. जाताना नजर फळीकडेच होती, असं शकुबाईला वाटत राहिलं.

पितृपक्षात तिनं खीर-वडे रांधून कावळ्यासाठी पत्र्यावर पान ठेवलं. कावळा फिरकलाच नाही. चंपतरावाची लाडकी मांजर चिंगी तेवढी वर चढली आणि पान चाटूनपुसून लख्ख केलं. त्यानंतर वाटी रिकामी झाली की ती घर डोक्यावर घ्यायची.

"वो शकुबाई," शेजारची भागीरथा कुंपणावरून म्हणाली, "मांजर नोहे ते. भाऊजी हायेत. उपाशी गेले ना! घास मागून राह्यले."

"मंग आता कशी नाई म्हनू?"

आणि ती नाही म्हणालीच नाही. साखरेचं दूध, खीर, गूळभात, चंपतरावाला जे जे आवडायचं ते सगळं वाटीत पडू लागलं. मांजरीला गूळभात कशाला, हे विचारेल असं त्या घरात कोणी नव्हतं. चिंगी खायची, बादलीला तोंड लावून पाणी प्यायची आणि दिवसेंदिवस वाळत जायची. शेवटी मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकू लागले, तेव्हा शकुबाईनं तिला भाजीच्या टोपलीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तेलुगू, तरुण. तिनं चिंगीच्या कानाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं आणि विचारलं, "अम्मा, ये पेशाब करती वहाँ चींटी आती क्या?"

शकुबाईचा हात टोपलीवरच राहिला. यायच्या की! कोपऱ्यातल्या राखेवर रांगच लागायची. आणि त्याआधी न्हाणीत. चंपतराव होता तोवर ती रोज फिनेल ओतायची आणि रोज नव्या मुंग्या यायच्या.

"आती," ती म्हणाली. "इसके पहले भी आती थी."

"पहले कब?"

शकुबाईनं चिंगीला टोपलीत नीट बसवलं.

"शुगर है, अम्मा. कितना भी खाएगी, भूख नहीं जाएगी. मीठा कौन दिया इसको?"

डॉक्टरणीनं सकाळ-संध्याकाळची सुई दिली. खायला फक्त अंडं नाहीतर मटण. उशीर झालाय, हेही सांगितलं.

घरी येऊन शकुबाई चिंगीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सुई देऊ लागली. कुंपणावरून भागीरथा ओरडली, "अवो, भाऊजीले सुया टोचून राह्यली काऊन?"

"भाऊजी नोहे ते!" शकुबाई उसळली. "भाऊजीले सुया टोचाच्या व्हत्या, तवा मी टोपलं लपवलं. इले टोचाच्या व्हत्या, तवा गूळ चारला. जाय, तुह्या घरी जाय!"

आधी चिंगी गुळासाठी ओरडली, पदर ओढला, वाटी उलथवली. शकुबाई कानात पदराचे बोळे घालून बसली. मग एका सकाळी ओरडणं थांबलं. शकुबाईनं अंडं कुस्करून ठेवलं. वाटी भरलेलीच राहिली.

"माग ना, माय," ती वाटी पुढे सरकवत म्हणाली. "एक डाव तं वरड."

चिंगीनं तोंड भिंतीकडे केलं. तिच्याखाली गोणपाट ओलं झालं होतं. थोड्या वेळानं उंबऱ्याकडून मुंग्यांची रांग निघाली. फिनेलची बाटली शकुबाईच्या हाताशीच होती. ती तशीच बसून रांगेकडे पाहत राहिली.