हाक मारली होती की

आमच्या आईच्या लेखी प्रभू कधीही येऊ शकतो, आणि तो बहुतेक जेवणाच्या वेळीच येईल अशी तिची खात्री आहे. "ताटावरनं उठून जावं लागंल, हात धुवायला टाईम मिळायचा न्हाय," असं ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली. कर्णा वाजेल, विश्वास ठेवणारे असतील तसे वर स्वर्गात उचलले जातील आणि बाकीचे इथंच राहतील. त्या दिवसासाठी तिची एक पांढरी साडी कायम इस्त्री करून ठेवलेली असते. आम्ही भावंडं मात्र या धाकानं भराभरा जेवायला शिकलो.

गेल्या जानेवारीत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एकांच्या शेतावर, मोहोळच्या अलीकडे, हुरड्याचा बेत ठरला. रविवारची उपासना आणि जेवण आटोपून निघायचं, दिवेलागणीला परत. पाळकसाहेब स्वतः येणार होते. आईला मी सांगितलंच नाही. रविवारी भटकायचं नाही हा तिचा कायदा. शिवाय तिचे गुडघे, तिला जीपमध्ये चढवणं, शेतात बसायला खुर्ची शोधणं आणि येताना वाटभर उपदेश. खरं सांगायचं तर मला ती बरोबर नको होती.

ती जेवून आतल्या खोलीत झोपली. आम्ही चहा घेत होतो तोवर जीपवाला दारात येऊन हॉर्न वाजवायला लागला. अर्धे कप तसेच टाकून, बिस्किटं बशीत सोडून, पंखाही बंद न करता आम्ही उठलो. बायकोनं विचारलं, "आईंना उठवू का?" मी म्हणालो, "झोपू दे," आणि दार अलगद ओढून घेतलं. एरवी मी दार आपटणारा माणूस आहे.

शेतावर मजा आली, ते नाकारण्यात अर्थ नाही. आगटीतला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, पाळकसाहेबांचे विनोद. फोनला रेंज नव्हती, त्याचंही बरंच वाटलं.

परतलो तेव्हा आई शेजारच्या तेलुगू मावशींच्या पायरीवर बसलेली दिसली. मी चरकलो. नळाच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून त्या दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि आईच्या अंगावर पांढरी साडी होती.

मावशींनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आई उठली तर घरात कुणी नाही. कपात चहा, बशीत बिस्किटं, पंखा फिरतोय. माझा फोन लागेना, पाळकसाहेबांचाही लागेना. समोरच्या ख्रिस्ती घराला कुलूप, कारण तेही आमच्याच जीपमध्ये होते. आईनं काय समजायचं ते समजून घेतलं. अजूनही कुणी न्यायला येईल म्हणून साडी नेसून बसली. कुणी आलं नाही, तेव्हा आपलं कुठं चुकलं ते शोधायला लागली, आणि तिला नळाचं भांडण आठवलं.

"हात जोडून माफी मागत होत्या हो माझी," मावशी म्हणाल्या. "मला ठेवून गेला, मला ठेवून गेला, असं म्हणून रडत होत्या. मी आपला चहा करून दिला."

आई रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "कुटं गेलता रं?"

"शेतावर. हुरड्याला."

"मग मला उठवायचं की."

तेव्हा खरं बोललो असतो तर चार शिव्या खाल्ल्या असत्या, एवढंच. पण त्या साडीकडे बघवेना आणि तोंडातून निघून गेलं, "हाक मारली होती की, आई. दोनदा मारली. तू उठलीच न्हाईस."

ऐकून तिला बरं वाटेल अशी माझी समजूत. तिचा चेहरा मघापेक्षा जास्त उतरला.

"तुजी हाक ऐकू आली न्हाय," ती म्हणाली, "मग त्याचा कर्णा कसा ऐकू येणार मला?"

तेव्हापासून रविवारी दुपारी ती आडवी होत नाही. दारातल्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसते, पाय सुजतात तरी ऐकत नाही. बायको म्हणते, एकदाचं सांगून टाका. मी दर रविवारी ठरवतो, आणि तिच्यासमोर गेलो की जीभ रेटत नाही. स्वतःचीच किळस येते, तरी रेटत नाही. बसल्या बसल्या तिची मान छातीवर पडते. मग ती दचकून जागी होते आणि घाबऱ्या आवाजात विचारते, "हाक मारलीस का रं?"

"न्हाय, आई. कुणी हाक मारली न्हाय," मी म्हणतो. त्या संध्याकाळीही मी एवढंच म्हणायला हवं होतं.