यांच्या जागी आलेली पुण्याची कंपनी

आज ऑफिसात घडलेलं सांगते. मला फार लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आमच्या आंब्याच्या कारखान्यात नवीन कोल्ड स्टोरेजचं बांधकाम चालू आहे. ते माझे यजमान बघायचे. मी तिथेच अकाउंट्सला आहे. उन्हाळ्यात हे गेले आणि मालकांनी ते काम पुण्याच्या एका प्रोजेक्ट मॅनेजमेंट कंपनीकडे दिलं.

त्या कंपनीचा करार वाढवायचा का, यावर आज मीटिंग होती. पावस गावचे ठेकेदार बंडूभाऊ म्हणाले, "पूर्वी साहेब घरी यायचे, पडवीत चहा व्हायचा, मग कामाचं बोलणं. आता सकाळी साइटचा फोटो पाठवला नाही तर पुण्याहून त्या मॅडमचा फोन. एवढी चौकशी तर बायको पण करत नाही."

सगळे हसले. मग माझ्याकडे बघून समोरचे कागद चाळायला लागले.

मालक म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. नको म्हणालात तर थांबवतो."

काम आता वेळेत चाललंय. यांच्या हाताखाली ते मागे पडलं होतं, कारण कोणाला टोकणं यांना जमायचंच नाही. घरीही नाही.

मी म्हटलं, "चालू ठेवा. चांगलं करतायत."

जागेवर येऊन बसले. रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही.

तुमच्यापैकी कोणाला आपल्याच माणसाच्या जागेबद्दल असं मत द्यावं लागलंय का? मग संध्याकाळी त्याच्या फोटोसमोर दिवा लावताना काय बोललात?