दुखतं म्हणायचं नाही

आमचे साडू पुंजाराम बोरस्ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांना स्वतःला कुणी नीट सांगितली नसावी. निफाडजवळ त्यांचं गाव, गावाबाहेर द्राक्षाची बाग आणि बागेतच घर. त्या घरात अजून पहाटे शिट्टी वाजते. पाहुण्यांनी दारात चपला काढल्या की हवालदार त्या सरळ रेषेत लावतात. मी दिंडोरीहून गेलो की मुद्दाम एक चप्पल उलटी टाकतो. साडूंना छळायचं म्हणजे माझा हक्कच आहे तो.

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात पंगतीची जबाबदारी त्यांच्याकडे दिली होती. पंगत अशी सरळ बसली की फोटोवाला खूश झाला. पण दुसऱ्यांदा भात मागायची कुणाची छाती झाली नाही आणि भाताचं पातेलं तसंच उरलं. त्यावरून माझी बायको आणि तिची धाकटी बहीण लता, म्हणजे हवालदारांची मंडळी, अजून हसतात.

माणूस मात्र सोन्यासारखा. पेन्शन आली, बाग फुलली, तरी घरी बसले नाहीत. गावातल्या पोरांना भरतीसाठी फुकट पळवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली दहा-बारा पोरं आज वर्दीत आहेत. त्यांना ते एकच गोष्ट शिकवायचे, दुखतं म्हणायचं नाही. पलटणीत जो सारखा सिक रिपोर्टला जायचा, म्हणजे डॉक्टरच्या रांगेत उभा राहायचा, त्याला हवालदार ‘पाहुणा’ म्हणायचे. “हे पाहुणे आले, चहा ठेवा रे,” असं सगळ्यांसमोर म्हणायचे आणि तो पोरगा मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा. हे किस्से ते आम्हाला रंगवून सांगायचे, आम्हीही हसायचो.

त्यांचा धाकटा मुलगा नवनाथ याच मुशीत वाढला. सातवीत असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला, मनगट मोडलं, पण पट्ठ्याच्या डोळ्यांतून टिपूस नाही. अग्निवीर म्हणून त्याची निवड झाली तेव्हा गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. वेशीवर बॅनर लागला, डीजे लागला. हवालदारांना डीजे अजिबात पसंत नव्हता, पण त्या दिवशी जीपच्या पुढे ते इतके ताठ चालत होते की पोरंही त्यांच्या मागे आपोआप पाय मिळवून चालायला लागली.

ट्रेनिंग संपवून नवनाथ सुट्टीवर घरी आला ते दिवस संक्रांतीचे. मी आणि माझी बायको तिळगूळ घेऊन गेलो. पूर्वी गावातला जवान सुट्टीवर आला की पारावर बसून बर्फाच्या, बंकरच्या गोष्टी सांगायचा आणि अर्ध्या गावाला त्या पाठ व्हायच्या. आता पोरं घरी येतात ती मोबाइलसकट. कानात बोंडं, डोळे स्क्रीनवर. दिवसभर बॅचच्या ग्रुपवर चेष्टा, संध्याकाळी वर्दीतला एखादा रील. आपण विचारावं, “काय म्हणते पलटण?” तर “मजेत काका,” एवढंच. तेही गोड हसून.

हवालदार मात्र पोरावर जाम खूश होते. शिट्टीच्या आधी उठतो. अंथरुणावरची चादर अशी ताणलेली की वर नाणं टाकलं तर उडेल. धुक्यातून कालव्यापर्यंत पळून येतो आणि आल्यावर दम लागलेला नसतो. “पाव्हणं, मी अठरा वर्षं रंगरूट घडवले,” ते मला म्हणाले, “पण असा घडला नव्हता. याला चौथ्या वर्षी पक्का करतीलच. चारातला एकच ठेवणार म्हणतात ना, तो एक हा हाय.” मी म्हटलं, तुमच्यापेक्षा ताठ उभा राहतो बुवा. तर त्याचाही त्यांना आनंदच झाला.

स्वयंपाकघरात मात्र लता माझ्या बायकोला वेगळंच सांगत होती. “ताई, पोरगं भांडत नाय गं माझ्याशी. भाजी खारट झाली तरी चुपचाप खातंय. अर्धी भाकरी घेतो अन् उठतो. सारखं नाक चोळतो. हसतो, पण हसणं डोळ्यांत येत नाय.” बायकोनं तिची समजूत काढली की पोरगं मोठं झालंय, शहाणं झालंय. लता म्हणाली, “माझं पोरगं एवढं शहाणं नव्हतं.”

आम्ही घरी परतलो आणि चार-सहा दिवसांनी लताचा फोन आला. नवनाथ अंथरुणातून उठत नव्हता. माझी द्राक्षं तोडणीला आलेली, व्यापारी दारात बसलेला, पण बायकोनं मला बसू दिलं नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचं दव अजून वाळलं नव्हतं. निफाडची थंडी सांगायला नको. गडी शेकोटीला चिकटून बसलेले आणि बागेतल्या वाटेवर नवनाथ बनियनवर पळत होता. घामानं निथळत होता. मागून हवालदार शिट्टी वाजवत होते. पोराला आळस चढलाय, रगडा दिला की उतरेल, हे त्यांचं निदान. पोरगं चार पावलं पळायचं, एक पाय ओढायचं, वाकून ओकायचं. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडत होतं. मग खाली बसलं. हवालदार म्हणाले, “उठ.” ते उठलं. परत पडलं. “उठ.”

मी आयुष्यात पहिल्यांदा साडूंच्या हातातली शिट्टी हिसकावून घेतली. शिवीही दिली, ती इथे लिहीत नाही.

“काका, अण्णांना बोलू नका,” नवनाथ मातीत बसल्या बसल्या म्हणाला. दात वाजत होते त्याचे. “त्यांचं काय चुकलं नाय. अण्णा, माझ्या गोळ्या संपल्या. गोळी घेतल्याशिवाय पाय टेकत नाय मला.”

मग त्यानं सगळं सांगितलं. ट्रेनिंगमध्ये पळून पळून त्याची नडगी दुखायला लागली होती. डॉक्टरकडे गेलं की विश्रांती लिहून देतात, मग बॅच पुढे निघून जाते, आपण मागे राहतो. शिवाय कागदावर येतं, आणि कागदावर आलेल्याला चौथ्या वर्षी कोण ठेवणार? बॅचमधला एक जण दुखण्याच्या गोळ्या आणायचा. चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत त्या. एक घेतली की दुखणं गायब आणि डोकंही हलकं. पुढं एकीनं भागेना. मग नडगी दुखत नसली तरी लागायला लागली. पोरं एकत्र बसली की कुणी बाटली उघडायचं, कुणी गोळी. ग्रुपवर गोळीला वेगळंच नाव होतं, कुणाला संशय येऊ नये म्हणून. सुट्टीला येताना भरपूर घेऊन आला होता. पॉलिशच्या डबीत ठेवल्या होत्या. बूट हवालदार रोज तपासायचे आणि चमक बघून मान डोलवायचे.

“दुखतंय म्हणून सांगायचं होतंस ना रं,” लता रडत म्हणाली.

नवनाथनं बापाकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, आणि परत वाकून ओकला. हवालदार जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा मला बघवेना.

त्याच दिवशी मी दोघांना गाडीत घालून नाशिकला नेलं. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, कुणावर ओरडल्या नाहीत. पायाचा एक्सरे काढायला लावला. नडगीच्या हाडाला बारीक चीर होती, जुनी, पुन्हा पुन्हा उकललेली. त्या म्हणाल्या, या पायावर हा पळतोय कसा याचंच मला आश्चर्य वाटतंय. पायाला विश्रांती हवी. गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, दवाखान्यात ठेवून हळूहळू उतरवू, निदान दोन-तीन आठवडे लागतील. पोरगं बरं होईल, वय लहान आहे.

हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. हवालदारांनी विचारलं, “याचा कागद होईल?”

“उपचार केले की नोंद होतेच. सुट्टी वाढवायची तर पलटणीलाही कळवावं लागेल.”

सुट्टी तर संपत आलेली. न कळवता राहिला तर गैरहजर, कळवलं तर गोळ्यांचं बाहेर येणार. नवनाथ खुर्चीतूनच म्हणाला, “कागद नाय करायचा. अण्णा, मी जातो. तिकडं जाऊन कमी करतो, तुमची शप्पथ. मला काढलं तर मी गावात तोंड कसं दाखवू? पोरं मलाच बघून भरतीसाठी पळाय लागली ना.” डॉक्टरबाई त्याला समजावत राहिल्या. मग माझ्याकडे, मग हवालदारांकडे बघून म्हणाल्या, “ठरवायचं तुम्हाला आहे. पण असं परत पाठवू नका.”

आम्ही त्याला घरी घेऊन आलो. मला राग आला होता, पण मी तरी काय सांगणार? ज्याचं पोर त्यानं ठरवायचं, असं म्हणून मी मध्ये पडलो नाही. हवालदार एकटेच बागेत वेलींच्या ओळींतून फिरत राहिले. एरवी प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे हुकूम तयार असायचा. त्या संध्याकाळी लतानं विचारलं, जेवायला वाढू का, तर ते म्हणाले, “मला काय माहीत.”

नवनाथच्या जायच्या आदल्या दिवशी हवालदार माझ्याकडे दिंडोरीला आले. दारात चप्पल काढली, ती वेडीवाकडी पडली, तिकडे लक्ष नव्हतं. चहा घेतला नाही. म्हणाले, “पाव्हणं, तुमच्या वळखीचा मेडिकलवाला हाय का? चिठ्ठीबिगर देणारा?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“तो उभा राहू शकत नाय,” ते म्हणाले. “असा गेला तर पहिल्याच हजेरीला पडंल. अन् मी हिशेब बसवलाय. एकदम तोडायच्या नाय म्हणाल्या ना बाई? आज इतकी, दोन दिवसांनी अर्धी कमी. मी बरोबर उतरवतो.” ते मला रोज किती, कधी, कशाबरोबर हे सगळं तोंडपाठ सांगायला लागले. हुकूमच देत होते, पण आवाज हवालदाराचा नव्हता. मी म्हटलं, “अहो, तो उद्या जाणार. तिकडे उतरवणार कोण?” ते भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चला.”

मी गेलो त्यांच्याबरोबर. नाही म्हणायला हवं होतं, पण त्या माणसाला एकट्याला जाऊ द्यायचं माझ्यानं होईना. दुकानदार त्यांच्या ताठ पाठीकडे बघून आदरानं म्हणाला, “फौजी ना साहेब? कुणाला पायजे?”

“मलाच,” हवालदार म्हणाले. “गुडघे दुखतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं पोराला गोळी दिली, पाण्याचा तांब्या धरला. थोड्या वेळानं नवनाथ उठला, दाढी केली, कपडे चढवले. लतानं त्याला ओवाळलं. गावातून निरोप द्यायला आलेल्या बाया म्हणाल्या, काय देखणं दिसतंय पोरगं. खरंच दिसत होतं. लता आत गेली ती परत बाहेर आलीच नाही, माझी बायको तिच्याजवळ थांबली.

नाशिकरोडला प्लॅटफॉर्मवर सुट्टी संपवून निघालेली आणखी तीन-चार पोरं होती. सगळ्यांच्या हातात मोबाइल, पाठीवर तसल्याच काळ्या पिशव्या, पायाशी लाडवांचे डबे. नवनाथ त्यांच्यात मिसळला, टाळ्या देऊन हसला. गाडी आली. बाकीची पाकिटं हवालदारांच्या सदऱ्याच्या खिशात होती. अर्धीच द्यायची असं त्यांनी वाटेत मला सांगितलं होतं. पोरानं डब्याच्या दारातून हात पुढे केला. हवालदारांनी खिशात हात घातला आणि होती तेवढी सगळी त्याच्या हातावर ठेवली.

माझ्यानं राहवेना. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “अजून गाडी उभी आहे. उतरवून घ्या त्याला. काय व्हायचं ते होऊ द्या, नोकरी जाऊ द्या.” त्यांनी होकारार्थी मान हलवली. दाराचा दांडा धरला. वर पोराकडे बघितलं. ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील.

गाडीनं शिट्टी दिली.

“बूट उशाला घेऊन झोप,” हवालदार म्हणाले. “चोरीला जातात.”

“हो अण्णा.”

गाडी निघून गेली. आम्ही माझ्या गाडीतून परत निघालो. निफाडचा फाटा आला. मग एकदम माझ्या हाताला धरून म्हणाले, “पाव्हणं, मी त्याला उतर म्हणणार होतो.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं.

“तोंडातनं निघालंच नाय.”

घर आलं तरी त्यांनी माझा हात सोडला नव्हता. दारात लता उभी होती, गाडीत मागे कुणी बसलंय का ते बघत.