हिरव्या ठिपक्यामागे

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. लेक धुळ्याहून माहेरी आली होती, तिची मुलगी घेऊन. इथे जळगावात मुलाची मुलगी होतीच. थोरली ही मुलाची, धाकटी ती लेकीची. दोघी एकत्र आल्या की घर डोक्यावर घेतात. आमच्या सौभाग्यवतींनी एकाच ताग्यातलं पिवळं कापड आणून दोघींना सारखे फ्रॉक शिवले होते आणि सकाळपासून ते अंगावरून उतरायला तयार नव्हते. दारातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता, पण दुपारी त्याची फळीसुद्धा तापलेली. बसणार कोण? सून आणि लेक साड्या घ्यायला बाजारात गेलेल्या. खापरावरच्या पुरणपोळ्यांची तयारी चाललेली आणि या दोघी सारख्या पुरणात बोटं घालतात.

शेवटी स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा हुकूम सुटला, "या दोन्हीस्ले लई जा बरं कुठं तरी, माले बठ्ठं काम पडेल शे!"

सगळं काम पडलंय म्हणे, दोघींना घेऊन जा. आता भर उन्हात कुठे न्यायचं? थोरलीनंच सांगितलं, नव्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर मुलांच्या खेळाचं ठिकाण झालंय, तिथे एसी आहे. मला एसी शब्द पुरला.

पुढचं सांगण्याआधी धाकटीचं सांगायला हवं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांत मशीन लावलं की येतं, काढलं की काही नाही, फटाका वाजला तरी वळत नाही. बोलते मात्र छान, जरा मोठ्यानं. मशीन काढलेलं असलं की ती माझ्या मांडीवर चढते, माझ्या गळ्यावर पंजा ठेवते आणि म्हणते, "बोला." मी काहीही बोलतो. शब्द तिला कळत नाहीत, पण आबा बोलताहेत एवढं कळतं म्हणे. माझा आवाजच तसा आहे. सगळी नोकरी एसटीत गेली, त्यातली बरीचशी धुळे स्टँडवर माईकपुढे, घोषणा करण्यात. अमळनेर गाडी कुठे लागली, चोपडा गाडी कधी सुटणार, आणि मधूनमधून, "लाल सदरा घातलेला मुलगा चौकशी खिडकीपाशी आहे, पालकांनी घेऊन जावे." किती पोरं अशी आईबापांच्या हवाली केली, हिशेब नाही. त्यामुळे हरवलेलं पोर या विषयात मला कुणी काही शिकवू नये अशी माझी समजूत होती.

त्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीनं मला शिकवायला घेतलं. मुलांच्या हातात एक पट्टा बांधायचा. छतात बसवलेली यंत्रं पट्टा कुठे आहे ते ओळखतात आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या मुलाचा ठिपका हलतो. पडद्यावर सगळ्या जागेचा नकाशा: घसरगुंड्या, चेंडूंचा हौद, उड्या मारायची जाळी, कोपऱ्यात वाढदिवसाची खोली. ठिपक्याशेजारी मुलाचं नाव. "काका, तुम्ही निवांत बसा. डोळ्यासमोर राहतील." मी म्हटलं, "बाई गं, डोळ्यासमोर राहायला मी आत जाऊन बसतो की." ती हसली. मोठ्यांना आत जायची बंदी होती.

तिनं दोघींची नावं विचारून कॉम्प्युटरात घातली आणि दोन पट्टे माझ्या हातात दिले. गुलाबी थोरलीचा, हिरवा धाकटीचा. झालं, धाकटीनं गुलाबीवर हात ठेवला. आता आमच्याकडे आखाजीला आलेल्या लेकीला आणि लेकीच्या लेकीला नाही म्हणायची रीत नाही. पहिला आंबा तिचा, पहिला झोका तिचा. थोरलीलाही ते माहीत होतं. तिनं नाक मुरडलं पण हात हिरव्यासाठी पुढे केला. मी पट्टे बांधले. माझ्या लेखी ते तिकीट होतं. दोन माणसं, दोन तिकिटं, कोण कुठल्या सीटवर बसलं त्याचं कंडक्टरला काय!

धाकटीची मशीनं मी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. चेंडूंत पडली तर सापडायची नाहीत, असं लेकीनं बजावलं होतं. दोघी पळाल्या.

मी पडद्यापुढे बसलो. खरं सांगू? मला मजा वाटायला लागली होती. धाकटीच्या नावाचा हिरवा ठिपका हौदात इकडून तिकडे धावत होता. थोरलीचा गुलाबी वाढदिवसाच्या खोलीत जाऊन थांबला होता. मी मनात म्हटलं, ही थोरली मोठी झाली आता, पुस्तकबिस्तक वाचत बसली असेल. एसीत डोळा लागायला आला होता.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, निघतोय आम्ही. तिला मशीन घालून ठेवा, रस्त्यात गाड्या असतात." मी उठलो. हिरवा ठिपका हौदात होता, एका जागी. हौदाच्या कडेला गेलो, तर पिवळा फ्रॉक दिसला. पाठमोरा. मी वाकून खांदा धरला. वळली ती थोरली.

"धाकटी कुठे?"

"माहीत नाही आबा. मघाशी होती."

परत पडद्यापाशी आलो. पडदा म्हणतो, धाकटी हौदात. परत हौदापाशी गेलो. हौदात थोरली. हात्तिच्या, हे काय लफडं? काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, सिस्टीम हौदात दाखवतेय म्हणजे हौदातच आहे. चेंडूंखाली लपली असेल."

चेंडूंखाली! तिला हाक ऐकू येत नाही. वरून कुणी उडी मारली तरी कळणार नाही. खाली दबली, घाबरली, तोंडावर चेंडू आले, तर? बंदी गेली खड्ड्यात. मी चपला काढल्या आणि त्या हौदात उतरलो. कमरेपर्यंत चेंडू. दोन्ही हातांनी उपसतोय, उपसले की दुसरे घरंगळून येताहेत. थोरलीला वाटलं आबा खेळायला आले, तीही हसत हसत उपसायला लागली. मी ओरडलो तिच्यावर. ती रडवेली झाली. तळ हाताला लागला, सगळीकडे चाचपला, पोर नाही. आणि पडद्यावर हिरवा ठिपका माझ्या शेजारीच. थोरली सरकली की तोही सरकायचा. मला काहीच उमगेना. देवा, ही आहे का नाही इथे? यंत्राला दिसते, मला का दिसत नाही?

काउंटरवरची मुलगीही आता घाबरली होती. "बाहेर कुणी गेलेलं नाही काका, पट्टा दाराबाहेर गेला तर घंटी वाजते," असं ती परत परत म्हणत होती. मला तिचं बोलणं ऐकू येत होतं आणि समजत नव्हतं.

मग मी जन्मभर केलं तेच केलं. काउंटरवरचा माईक उचलला. सगळीकडे वाजत असलेली गाणी बंद झाली आणि माझा आवाज घुमला. धाकटीचं नाव घेतलं. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. जिथे असेल तिथून काउंटरपाशी ये, आबा वाट बघताहेत. पुन्हा नाव. पुन्हा. लोक बघायला लागले. एक बाई म्हणाली, "ऐकेल ना, येईल." ऐकेल! तेव्हा माझा हात खिशाशी गेला आणि खिशात तिचे दोन्ही कान लागले. मी कुणाला हाका मारतोय? हे कळूनही मला माईक ठेववेना. ठेवला तर मग करायचं काय? मी तिचं नाव घेतच राहिलो. घसा बसत चालला, डोळ्यांतून पाणी येत होतं. लेक आता पोचेल. तिला काय सांगू? ती धुळ्याहून निघताना तिच्या सासूनं फोन करून म्हटलं होतं, कानानं अधू पोर आहे, सांभाळा. मी छातीठोकपणे सांगितलं होतं, मी आहे ना.

थोरलीनं माझा शर्ट ओढला. तिनं हात वर केला होता. मनगटावर हिरवा पट्टा.

"आबा, हिरवा तर मी आहे. तिला तुम्ही गुलाबी दिला ना?"

मी तिच्या हाताकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. तरी क्षणभर डोक्यात शिरलं नाही. मग शिरलं आणि मी माईक तिथेच टाकून पळालो.

वाढदिवसाची खोली रिकामी होती. फुगे, टेबलं, आणि भिंतीशी गाण्यांसाठीचा मोठा स्पीकर, तिच्या उंचीएवढा. तिथे ती बसली होती. पिवळा फ्रॉक, गुलाबी पट्टा. स्पीकरला गाल टेकवलेला आणि पंजा त्याच्या जाळीवर पसरलेला. मला बघून ती दचकलीच. तिनं स्पीकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसलो, तिला छातीशी धरलं, आणि खिशातून मशीनं काढली. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. मला आठवेना. थोरलीनंच माझ्या हातातून घेऊन ती बसवली.

"अगं, कुठे होतीस तू? मी किती शोधलं तुला!"

"इथेच होते," ती म्हणाली. "आधी गाणं होतं. मग तुम्ही आले ना ह्याच्यात. बोलत होते, बोलत होते." तिनं स्पीकरवर पुन्हा पंजा ठेवला. आता तो गप्प होता. "आबा जवळच आहेत, म्हणून मी उठलेच नाही."